जगाच्या टोकावरची बेटं: पॉलिनेशियात इतक्या लांब जाऊन पाहायचं काय आणि करायचं काय?

इन्स्टाग्रामवर 'पॉलिनेशिया' शोधलं की एकाच साच्यातले फोटो समोर येतात. निळंशार पाणी, पाण्यावर लाकडी झोपड्या, हातात शहाळं. हे बहुतेक फोटो बोरा बोराचे असतात. पण पॉलिनेशिया म्हणजे पॅसिफिक महासागरात पसरलेली हजाराहून जास्त बेटं. उत्तरेला हवाई, नैऋत्येला न्यूझीलंड आणि आग्नेयेला रापा नुई, म्हणजेच ईस्टर आयलंड, अशा तीन टोकांचा हा अफाट त्रिकोण आहे. त्यातल्या अनेक बेटांवर रिसॉर्ट नाही, काहींवर विमानतळ नाही आणि एका बेटावर तर पन्नास माणसंही राहत नाहीत.

अशा ठिकाणी कुणी का जावं? गेल्यावर करायचं काय? आणि जिथं माणसंच मोजकी, तिथं पर्यटक गेल्यानं भलं होतं की वाटोळं? शेवटचा प्रश्न या बेटांवरचे लोक स्वतःच विचारतायत आणि प्रत्येक बेटानं त्याचं उत्तर वेगळं काढलंय.

आधी थोडं माणसांविषयी

पाहण्यासारखं इथं सगळ्यात मोठं काय असेल, तर माणूस इथवर पोहोचला हेच. लोखंड नाही, होकायंत्र नाही, नकाशा नाही. दोन होड्या शेजारी बांधून केलेली जोडहोडी, ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्याच्या जागा, लाटांची दिशा आणि पक्ष्यांची ये-जा, एवढ्या भांडवलावर हे लोक हजारो किलोमीटर गेले. साधारण इ. स. १२०० च्या आसपास ते रापा नुईपर्यंत पोचले होते. 'वाऱ्यानं भरकटत गेले असतील' असं म्हणणाऱ्यांची तोंडं १९७६ मध्ये बंद झाली. त्या वर्षी 'होकुलेआ' नावाची जुन्या पद्धतीची जोडहोडी हवाईहून ताहितीला कोणत्याही उपकरणाशिवाय गेली. वाट दाखवायला होते मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे माऊ पियाइलुग.

हे लोक होडीत बरोबर काय घेऊन निघायचे, ती यादी मराठी वाचकाला फार परकी वाटणार नाही. नारळ, अळू, ऊस, हळद, केळी आणि कोकण-गोव्यात ज्याची कापं तळतात तो नीरफणस. शिवाय रताळं. आपल्या उपवासाचं हे रताळं मूळचं दक्षिण अमेरिकेचं. पण युरोपीय जहाजं पॅसिफिकमध्ये यायच्या कितीतरी आधी ते पॉलिनेशियात रुजलेलं होतं. माओरी आणि रापा नुई भाषांत त्याला 'कुमारा' म्हणतात आणि अँडीज पर्वतातल्या केचुआ बोलींमध्ये याच्या जवळचा शब्द सापडतो. म्हणजे कधीतरी हे दोन लोक एकमेकांना भेटले होते. २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासानंही तेच दाखवलं.

रापा नुई: दगडी पुतळे आणि त्यापलीकडचं बरंच काही

सगळ्यात प्रसिद्ध बेटापासून सुरुवात करू. रापा नुई चिलीच्या ताब्यात आहे, पण चिलीच्या किनाऱ्यापासून ते साडेतीन हजार किलोमीटरवर आहे. सगळ्यात जवळची वस्ती म्हणजे पिटकेर्न, तीही सुमारे दोन हजार किलोमीटर लांब. बेट छोटं, १६३ चौरस किलोमीटरचं. हांगा रोआ हे एकमेव गाव. सान्तियागोहून पाच-साडेपाच तासांचं विमान. गंमत म्हणजे इतक्याशा बेटाची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या 'नासा'नं ती वाढवून घेतली. स्पेस शटलला आणीबाणीत उतरायची वेळ आली तर सोय असावी म्हणून. शटल कधी उतरलं नाही, पण मोठी प्रवासी विमानं मात्र उतरायला लागली.

लोक जातात ते 'मोआई' पाहायला. असे नऊशेहून जास्त पुतळे बेटावर नोंदले गेलेत. आपण फोटोत फक्त डोकी पाहतो आणि तेवढंच आहे असं समजतो. प्रत्यक्षात ते डोक्यापासून कमरेपर्यंतचे पुतळे आहेत. रानो राराकू या ज्वालामुखीच्या उतारावर, जिथे ते कोरले गेले, तिथली माती शतकानुशतकं घसरत राहिली आणि पुतळे गळ्यापर्यंत गाडले गेले. ही जागा म्हणजे पुतळ्यांचा कारखानाच. जवळजवळ चारशे मोआई तिथेच आहेत. काही उभे, काही आडवे, काही डोंगरातून अर्धवट सुटलेले. एक तर २१ मीटर लांबीचा आहे आणि अजून खडकालाच चिकटलेला आहे. तो कधी उभा राहिला असता की नाही, देव जाणे. वेळ कमी असेल तर बेटावरचं बाकी काही सोडलं तरी चालेल, रानो राराकू सोडू नये. आणि घाईतही पाहू नये, कारण राष्ट्रीय उद्यानाच्या तिकिटावर इथे एकदाच आत जाता येतं.

तिथून नजरेच्या टप्प्यात आहे आहू तोंगारिकी. 'आहू' म्हणजे ज्यावर मोआई उभे करतात तो दगडी चौथरा. इथे एका रांगेत १५ मोआई आहेत, समुद्राकडे पाठ करून. पूर्वजांनी गावाकडे लक्ष ठेवायचं, अशी ती कल्पना. पण आज दिसणारी रांग जशीच्या तशी जुनी नाही. १९६० मध्ये चिलीत ९.५ क्षमतेचा भूकंप झाला, आजवर मोजलेला सगळ्यात मोठा. त्याच्या त्सुनामीनं हे पुतळे आत जमिनीवर भिरकावून दिले. १९९० च्या दशकात तादानो या जपानी कंपनीनं दिलेल्या क्रेननं ते पुन्हा उभे केले. पहाटे सूर्य त्यांच्या मागून वर येतो तेव्हा गर्दी होते, पण ती वाजवी आहे.

हे पुतळे हलवले कसे, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. बेटावरचे लोक सांगत आले की मोआई चालत गेले. संशोधकांनी बरीच वर्षं ते दंतकथा म्हणून सोडून दिलं. मग टेरी हंट आणि कार्ल लिपो यांनी मोआईची काँक्रीटची प्रतिकृती तयार केली, तिला दोन बाजूंनी दोर बांधले आणि एका माणसाला जड कपाट सरकवताना करतो तसं डावं-उजवं झुलवत पुढे नेलं. पुतळा खरोखर 'चालला'. सगळे तज्ज्ञ यावर एकमत झालेले नाहीत, पण दंतकथेकडे बघायची दृष्टी बदलली हे नक्की.

अशीच बदललेली दुसरी गोष्ट म्हणजे 'या लोकांनी पुतळ्यांच्या नादात सगळी झाडं तोडली आणि स्वतःचा नाश ओढवून घेतला' ही कहाणी. पर्यावरणाच्या भाषणात ती हमखास येते. बेटावरची ताडाची जंगलं गेली हे खरं. पण वर उल्लेख केलेल्या डीएनए अभ्यासात सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याच्या खुणा मिळाल्या नाहीत. कोसळली ती नंतर आणि त्याचं कारण नोंदलेलं आहे. १८६२ पासून पेरूहून गुलाम पकडणारी जहाजं आली, सुमारे दीड हजार माणसं धरून नेली, जी थोडी परतली त्यांनी देवीची साथ आणली. १८७७ मध्ये बेटावर फक्त १११ माणसं उरली होती. त्यांच्याबरोबर 'रोंगोरोंगो' लिपी वाचू शकणारेही संपले. ती आजतागायत वाचता आलेली नाही. १९३० च्या दशकात हंगेरीच्या गीयोम द हेवेशी यांनी ती सिंधू लिपीशी जुळते असा दावा करून खळबळ उडवली होती. दोन्ही लिप्यांमध्ये हजारो वर्षांचं आणि हजारो किलोमीटरचं अंतर असल्यानं अभ्यासकांनी तो मानला नाही. व्हॉट्सॲपवर मात्र असे दावे मरत नाहीत. लिपीच्या मूळ लाकडी पाट्यांपैकी आज एकही बेटावर नाही, त्या जगभरच्या संग्रहालयांत आहेत. 'होआ हाकानानाइआ' हा मोआईही १८६८ मध्ये ब्रिटिश जहाजानं नेला आणि तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बेटावरचे लोक तो परत मागतायत.

तो जिथून उचलला ते ओरोंगो पाहण्यासारखं आहे. रानो काऊ ज्वालामुखीच्या काठावर, एका बाजूला गोड्या पाण्याचं विवर आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्रात उतरणारा कडा, अशा चिंचोळ्या जागेत दगडी घरांचं हे गाव. मोआईंचा काळ सरल्यावर इथे 'पक्षीमानवा'ची स्पर्धा व्हायची. प्रत्येक टोळीचा गडी कडा उतरायचा, पोहत समोरच्या मोतू नुई बेटावर जायचा आणि समुद्रपक्ष्याचं पहिलं अंडं घेऊन परत यायचा. ज्याचा गडी जिंकेल तो प्रमुख वर्षभर 'पक्षीमानव'. खडकांवर त्याची चित्रं कोरलेली आहेत.

फेब्रुवारीत गेलात तर 'तापाती' उत्सव मिळेल. त्यातला सगळ्यात अंगावर येणारा खेळ म्हणजे हाका पेई. केळीची दोन खोडं एकत्र बांधायची, त्यावर आडवं पडायचं आणि डोंगराच्या तीव्र उतारावरून सुसाट खाली यायचं. पाहुण्यांनी हा फक्त पाहायचा असतो. दमलात तर अनाकेनाच्या पांढऱ्या वाळूवर नारळाच्या झाडांखाली पडून राहावं. तिथेही मोआई आहेतच, आणि मोआईंना पांढऱ्या पोवळ्याचे डोळे बसवलेले असत हे १९७८ मध्ये तिथेच सापडलेल्या एका डोळ्यामुळे कळलं.

कोविडच्या आधी जेमतेम आठ हजार लोकवस्तीच्या या बेटावर वर्षाला लाखभर पर्यटक येत होते. कचरा, गाड्या, पाणी, सगळ्यावर ताण. २०१७ पासून राष्ट्रीय उद्यानाचा कारभार 'माऊ हेनुआ' या मूळ रहिवाशांच्या संस्थेकडे आला. २०१८ च्या कायद्यानं पर्यटकाला ९० ऐवजी फक्त ३० दिवस राहण्याची मुभा उरली. परतीचं तिकीट आणि नोंदणीकृत निवासाचं बुकिंग दाखवल्याशिवाय विमानात बसता येत नाही. मुख्य जागा मान्यताप्राप्त गाइडबरोबरच पाहाव्या लागतात. मार्च २०२० ते ऑगस्ट २०२२ बेट पूर्ण बंद होतं. लोकांनी परसात भाज्या लावल्या, मासेमारी केली आणि निभावलं. उघडल्यानंतर दोनच महिन्यांत, ऑक्टोबर २०२२ मध्ये, गवताला लागलेली आग रानो राराकूत शिरली आणि कित्येक मोआई होरपळले. तो दगड ज्वालामुखीच्या राखेचा, तापला की तडकतो. ते नुकसान भरून निघणारं नाही. म्हणून तिथे आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकलं तर गाइड ओरडतो तेव्हा राग मानू नये.

मार्केसास: गोंदण, घोडे आणि मालवाहू जहाज

ताहितीच्या ईशान्येला सुमारे चौदाशे किलोमीटरवर मार्केसास बेटं आहेत. फ्रेंच पॉलिनेशियाचाच भाग, पण इथे ती निळी शांत खाजणं नाहीत. बेटांभोवती प्रवाळांचं कडं जवळपास नाहीच, त्यामुळे लाटा थेट काळ्या कड्यांवर आपटतात. डोंगर सुळक्यांसारखे उभे आणि दऱ्या दाट हिरव्या. पावसाळ्यातला सह्याद्री उचलून भर समुद्रात ठेवावा तसं. सहा बेटांवर वस्ती आहे आणि सगळी मिळून माणसं दहा हजारांच्या आत. स्थानिक भाषेत नाव 'ते हेनुआ एनाता', म्हणजे माणसांची भूमी. याच नावानं जुलै २०२४ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. तो निर्णय झाला नवी दिल्लीत, कारण समितीचं अधिवेशन त्या वर्षी भारतात भरलं होतं.

जायचे दोन मार्ग. एक विमान, ताहितीच्या पापीतेहून तीन-साडेतीन तास. दुसरा 'अरानुई ५', आणि खिसा परवडत असेल तर हाच घ्यावा. हे अर्धं मालवाहू आणि अर्धं प्रवासी जहाज आहे. पापीतेहून निघून परत यायला त्याला १२ दिवस लागतात. पुढच्या भागात सिमेंट, फ्रिज, तांदूळ, गाड्या. मागच्या भागात पाहुणे. प्रत्येक बंदरावर जहाज लागलं की गावाला जत्रेचं रूप येतं, कारण त्याची खरी वाट पर्यटकांसाठी नाही तर सामानासाठी बघितली जाते. परतताना त्यात सुकं खोबरं भरतात. एरवी क्रूझ जहाज गावात आलं की गाव पर्यटकांसाठी सजतं. इथे गाव आपलं काम करत असतं आणि पर्यटक बाजूला उभा राहून बघतो. हा फरक मोठा आहे.

हिवा ओआ बेटावर आतुओना गावाच्या वर एक स्मशानभूमी आहे. तिथे चित्रकार पॉल गोगँ (मृत्यू १९०३) आणि बेल्जियन गायक जाक ब्रेल (मृत्यू १९७८) यांच्या कबरी आहेत. गोगँची प्रतिमा जगभर मोठी, पण त्यानं इथल्या अल्पवयीन मुलींशी जे केलं ते आता उघडपणे बोललं जातं. ब्रेलबद्दल मात्र गावात आपुलकी आहे. तो स्वतःच्या छोट्या विमानातून बेटांमध्ये टपाल आणि आजारी माणसं पोचवायचा. ते विमान आतुओनात ठेवलेलं आहे. त्याच बेटावर पुआमाऊजवळ इइपोना इथे दगडी 'तिकी' आहेत, म्हणजे पूर्वजांच्या वा देवांच्या मूर्ती. त्यातला ताकाई अडीच मीटरच्या आसपास उंच आहे. आजूबाजूला ना गर्दी, ना दुकानं.

नुकू हिवावर घोड्यावरून दऱ्या पाहता येतात. हे घोडे एकोणिसाव्या शतकात चिलीहून आणले गेले. याच बेटावर १८४२ मध्ये हर्मन मेलव्हिल देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावरून पळून उतरला होता. त्या अनुभवावर त्यानं 'टायपी' लिहिली, 'मोबी डिक' पुढे आली. फातू हिवावर विमानतळ नाही. हानावावेच्या खाडीत होडीनंच पोचावं लागतं. तिथल्या बायका अजून झाडाची साल कुटून 'तापा' नावाचं कापड करतात आणि त्यावर नक्षी काढतात. आठवण म्हणून काही विकत घ्यायचं असेल तर हे घ्यावं, पैसे थेट करणाऱ्याच्या हातात जातात.

पण मार्केसासची खरी ओळख आहे गोंदण. 'टॅटू' हा शब्दच पॉलिनेशियातल्या 'तातू', 'ताताऊ' या शब्दांवरून युरोपात गेला. इथली माणसं पूर्वी अंगभर गोंदायची आणि त्या नक्षीत कूळ, हुद्दा, पराक्रम वाचता यायचा. मिशनरी आणि फ्रेंच अंमल आला, गोंदण, नाच, गाणी यांवर बंदी आली. त्याहून भयंकर म्हणजे बाहेरचे रोग आले. १९२० च्या दशकात सगळ्या बेटांवर मिळून दोन हजारांच्या आसपासच माणसं शिल्लक होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तरुणांनी जुन्या चित्रांवरून, युरोपीय प्रवाशांनी काढून ठेवलेल्या रेखाटनांवरून नक्षी पुन्हा जुळवली. १९८७ पासून 'मातावाआ' हा कलामहोत्सव सुरू झाला. तो दरवर्षी होत नाही, त्यामुळे तारखा पाहून मगच तिकीट काढावं. ढोलांच्या तालावर एका वेळी शेकडो लोक नाचतात. गोंदवून घ्यायचं असेल तर तयार डिझाइनचा फोटो दाखवण्याऐवजी गोंदणाऱ्याशी आधी बोलावं. तो तुमची गोष्ट विचारतो आणि त्यावरून नक्षी ठरवतो. दुसऱ्याच्या कुळाची खूण फॅशन म्हणून अंगावर घेणं तिथे बरं मानत नाहीत.

पिटकेर्न: नीरफणसापायी वसलेलं बेट

१७८९ मध्ये ब्रिटिशांचं 'बाउंटी' जहाज ताहितीहून नीरफणसाची हजाराहून जास्त रोपं घेऊन कॅरिबियनकडे निघालं होतं. तिथल्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात जगवायचं होतं. वाटेत फ्लेचर ख्रिश्चनच्या नेतृत्वाखाली बंड झालं. कॅप्टन ब्लाय आणि त्याच्या साथीदारांना उघड्या होडीत बसवून सोडून दिलं आणि रोपं समुद्रात फेकली. पुढे नऊ बंडखोर, सहा पॉलिनेशियन पुरुष, काही बायका आणि एक तान्हं मूल पिटकेर्नला आले. १७९० च्या २३ जानेवारीला त्यांनी जहाज जाळून टाकलं, म्हणजे कुणाला मागमूस लागायला नको. अजूनही दर २३ जानेवारीला बेटावर जहाजाची प्रतिकृती जाळतात.

आज तिथे पन्नासच्या आत माणसं राहतात. हा ब्रिटनचा सागरापारचा प्रदेश आहे. विमानतळ नाही, धड बंदरही नाही. ताहितीहून विमानानं मांगारेव्हा आणि तिथून मालवाहू जहाजानं साधारण दीड दिवस. शेवटचा टप्पा बेटकऱ्यांच्या लांब होडीतून, लाटेचा अंदाज घेत. राहायचं कुणाच्या तरी घरीच. जेवण त्यांच्याबरोबर. गप्पा इंग्रजीत होतील, पण घरात ते पिटकर्न बोलतात, अठराव्या शतकातल्या इंग्रजीची आणि ताहितीयनची खिचडी. बाउंटीचा नांगर पाहावा, ख्रिश्चनची गुहा चढून जावी, सेंट पॉल्सच्या खडकांतल्या नैसर्गिक कुंडात (समुद्र शांत असेल तरच) डुंबावं, तिथला मध घ्यावा. २०१९ मध्ये बेटाला अंधाऱ्या आकाशाचं अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली. रात्री आकाशगंगा पाहायला दुर्बीण लागत नाही.

या बेटाची एक बाजू पर्यटनाच्या पत्रकात येत नाही. २००४ मध्ये अल्पवयीन मुलींवरच्या लैंगिक अत्याचारांच्या खटल्यात बेटावरच्या सहा पुरुषांना दोषी ठरवण्यात आलं. इतक्या छोट्या समाजात आरोपी, पीडित, शेजारी सगळे एकमेकांचे नातेवाईक. बेटावर जाणाऱ्यानं हे ठाऊक ठेवून जावं. आताचा प्रश्न मात्र अस्तित्वाचा आहे. नव्या माणसांनी येऊन राहावं म्हणून बेटानं दार उघडं ठेवलंय, पण यायला तयार होणारे फार थोडे. मुलं कमी, म्हातारे जास्त. प्रत्येक पाहुण्यानं दिलेलं भाडं आणि घेतलेली टपाल तिकिटं यांनी बेटाच्या कमाईत भर पडते.

जवळच्या हेंडरसन बेटावर माणूस राहत नाही. तरी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या किनाऱ्यांवर प्लास्टिकचे सुमारे ३ कोटी ७७ लाख तुकडे असल्याचा अंदाज निघाला. ते सगळं सागरी प्रवाहांनी वाहून आणलेलं.

नियुए, टोकेलाऊ, तुवालू

नियुए हे एकच, उंचावलेल्या प्रवाळाचं बेट. ऑकलंडहून विमान आहे. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा येत असल्यानं तुम्ही निघता त्याच्या आदल्या दिवशी पोचता. वाळूचे मोठे किनारे नाहीत, पण खडकांमधल्या भेगांत काचेसारखं पाणी आहे: मातापा, लिमू, तालावाच्या कमानी. जुलै ते ऑक्टोबर हंपबॅक देवमासे किनाऱ्याच्या इतके जवळ येतात की जमिनीवरूनही दिसतात. परवानाधारकांबरोबर त्यांच्या पाण्यात उतरताही येतं. रविवारी मात्र होड्या बंद; प्रार्थना आणि विश्रांतीचा दिवस. बेटावर सतराशेच्या आसपास लोक, तर न्यूझीलंडमध्ये राहणारे नियुएचे लोक तीस हजारांच्या घरात. २०२३ पासून त्यांनी समुद्राचा एक चौरस किलोमीटर २० वर्षं राखण्यासाठी २५० न्यूझीलंड डॉलर अशी योजना आणली, कुणीही पैसे देऊ शकतं.

टोकेलाऊला जायचं तर सामोआतल्या आपियाहून जहाज, एक दिवसाहून जास्त प्रवास आणि त्याआधी तिथल्या वडीलधाऱ्यांच्या सभेची परवानगी. 'इनाती' नावाची पद्धत तिथे अजून आहे. सामुदायिक मासेमारीतली मासळी गावात घरटी माणसं मोजून वाटली जाते. पर्यटकांसाठी तिथे काहीही नाही. ज्याला ते पाहूनच जावंसं वाटतं, त्यानंच परवानगी मागावी.

तुवालू हा स्वतंत्र देश आहे. नऊ बेटं, २६ चौरस किलोमीटर, साधारण दहा-अकरा हजार लोक. जगात सगळ्यात कमी पर्यटक जाणाऱ्या देशांत त्याचं नाव हमखास असतं. फिजीहून विमान येण्याआधी भोंगा वाजतो आणि धावपट्टीवरची माणसं, कुत्री, स्कूटर बाजूला होतात. विमान गेलं की संध्याकाळी तीच धावपट्टी मैदान होते. व्हॉलीबॉल, फुटबॉल, चटया टाकून गप्पा. फुनाफुतीत सर्वांत चांगलं काम हेच, तिथे जाऊन बसणं. नाहीतर खाजणाच्या पलीकडच्या संरक्षित छोट्या बेटांवर होडीनं जाऊन पोहणं. रस्त्यावर काही ठिकाणी एका बाजूला खाजण आणि दुसऱ्या बाजूला महासागर एकाच वेळी दिसतो, इतकी जमीन अरुंद आहे.

देशातली सगळ्यात उंच जागाही पाच मीटरच्या आत. २०२१ मध्ये त्यांचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून जागतिक हवामान परिषदेसाठी भाषण केलं, तो व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल. ऑस्ट्रेलियाशी झालेला 'फालेपिली' करार २०२४ मध्ये लागू झाला. त्यानुसार वर्षाला २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात जाऊन राहता येतं. २०२५ मध्ये पहिली सोडत निघाली तेव्हा देशातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. त्याच वेळी सरकार समुद्रात भर घालून नवी उंच जमीनही तयार करतंय. दोन्ही एकदम चाललंय, जाण्याची तयारी आणि राहण्याची धडपड. अशा ठिकाणी 'बुडायच्या आधी पाहून घ्या' अशी रील करणारे येतात. तिथल्या लोकांना ते आवडत नाही, हे वेगळं सांगायला नको.

निघण्याआधी

शेंगेन व्हिसा आहे म्हणून फ्रेंच पॉलिनेशियात प्रवेश मिळेलच असं धरून चालू नये; तिथले नियम वेगळे आहेत. रापा नुईसाठी चिलीचे नियम लागू. एकाच सहलीत सगळी बेटं करायचा बेत डोक्यातून काढून टाकावा. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन बेटांमध्ये थेट विमान नसतं आणि बऱ्याचदा मागे फिरून ऑकलंड, पापीते किंवा सान्तियागो गाठावं लागतं. तीन आठवडे असतील तर एक बेटसमूह नीट होतो.

रोख पैसे न्यावेत. तुवालूत पहिलं एटीएम सुरू झालं तेच एप्रिल २०२५ मध्ये. मधे दोन-तीन दिवस रिकामे ठेवावेत, कारण जहाज आणि विमान हवेच्या मर्जीवर चालतं. गंभीर आजारात विमानानं हलवण्याचा खर्च भरून देणारा विमा घ्यावाच. पिटकेर्नवरून तर तेही थेट शक्य नाही, आधी जहाजच. शाकाहारी असाल तर नीरफणस, अळूचा कंद, रताळं आणि नारळ यांवर पोट भरतं, पण आधी कळवावं. गावात बिकिनी-चड्डीवर फिरू नये. कुठल्याही दगडी चौथऱ्यावर चढू नये. 'तापू' म्हणजे निषिद्ध, इंग्रजीतला 'टॅबू' हा शब्दही याच भागातून आला.

मार्केसासला जाणाऱ्यांनी नोनो माशीसाठी मलम न्यावं. डासापेक्षा बारीक, आवाज न करता चावते आणि आठवडाभर खाजत राहते. आणि तिथलं घड्याळ आपल्यासारखंच अर्ध्या तासाच्या हिशेबाचं आहे, भारताच्या बरोबर १५ तास मागे. तिथून रात्री आठला घरी फोन लावलात, तर इथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे अकरा वाजलेले असतील.